बांद्याच्या खानावळीतले चार शुक्रवार

सन दोन हजार एक. मला तेव्हा एकावन्न वर्षं पुरी झाली होती. शिकलेली माणसं आपली हकीगत लिहितात तेव्हा लहानपणापासून सुरू करतात. माझं लहानपण होडीतलं पाणी उपसण्यात गेलं, त्यात सांगण्यासारखं काही नाही. शाळेत मी तिसरीपर्यंत गेलो, पण तिसरी काही माझ्यापर्यंत पोचली नाही. मी वाढलो, म्हणजे डोक्याने वाढलो, तो एकावन्नाव्या वर्षी, चार शुक्रवारांत, आणि तेही जेवणाच्या ताटावर बसून. ज्याला हसायचं असेल त्याने आत्ताच हसून घ्यावं.

आमचं घर देवबागात. पुढच्या दाराला दर्याचा आवाज, मागच्या दाराला खाडीचा, आणि मधे आमच्या शेवंतीचा. शेवंती म्हणजे माझी बायको. मी होडी घेऊन जायचो, ती आणि आमची मुलगी संगीता मासे घेऊन मालवणच्या बाजारात बसायच्या. घरात जेवण व्हायचं ते असं, की आधी मी, मग आलागेला, मग मुलं, आणि शेवटी टोपात चमचा खरवडल्याचा आवाज आला की समजायचं, शेवंती जेवते आहे. तो आवाज मी तीस वर्षं ऐकला आणि त्याचा अर्थ मला कधी विचारावासा वाटला नाही. हॉटेलात मी तोवर चहा-भजीशिवाय काही खाल्लं नव्हतं. माशाच्या कालवणाला पैसे मोजायचे, हे मला दर्याचं पाणी विकत घेतल्यासारखं वाटायचं.

त्या साली दिवाळीनंतर संगीताला स्थळ आलं. मुलगा बांद्याचा, दिगंबर. जातीतलाच, पण त्याच्या आज्याने दर्या सोडला होता आणि आता त्याची विधवा आई, आनंदीकाकी, बांद्याच्या बाजारपेठेत खानावळ चालवत होती. दिगंबर मासे घ्यायला टेंपोने मालवणला यायचा. सुरुवातीला तो आधी मासे बघायचा आणि मग संगीताला. पुढे पुढे आधी संगीताला बघायला लागला आणि मासे तसेच पाटीत ओतून न्यायला लागला. हे मला सगळ्यात शेवटी कळलं. कळलं तेव्हा मी एकच निरोप धाडला. अन्न विकणाऱ्याच्या घरात माझी मुलगी जाणार नाही.

शेवंती चुलीसमोरून उठली सुद्धा नाही. म्हणाली, "तुमी मासो इकतास, तो काय अन्न न्हय?"

"तो कच्चो आसता. कच्च्याक अन्न म्हणनत नाय."

"बरा. म्हणजे त्या आनंदीकाकीन कालवान करूक नको होता, कच्चोच वाडूक होयो होतो."

"आमच्या बापाशीन दारात इलेल्याक फुकट जेवूक घातला. ताटाचे पैसे घेणाऱ्याची सोयरीक माका नको."

"घर बघूक नाय, माणूस बघूक नाय, आणि म्हणे नको!"

 त्या दिवसापासून संगीता माझ्याशी बोलायचीच बंद झाली. सकाळी चहाचा कप पायरीवर ठेवायची आणि वळायची. कप ठेवल्याचा आवाज बरोबर तेवढाच, कमी नाही, जास्त नाही. मारामारी परवडली, पण तो कप परवडत नव्हता. मी मनात म्हटलं, ठीक आहे, बघितल्याशिवाय नको म्हणतो असं म्हणता ना, मग बघून येऊन नको म्हणतो. खोट काढतो त्या खानावळीची. दिगंबरने मला कधी पाहिलं नव्हतं, त्याच्या आईने तर नाहीच. घरात सांगितलं, म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात जाळ्याचं सूत स्वस्त मिळतं, ते आणायला जातो. लग्नाकार्याची पांढरी पँट चढवली, वर रेघांचा शर्ट, आणि पणजीच्या एसटीत बसून बांद्याला उतरलो.

खानावळ म्हणजे रस्त्याकडेची कौलारू माडी. खाली सहा बाकं, मागे चूल, वरच्या माळ्यावर ती मायलेकरं राहायची. बाहेर ट्रक उभे, आत ट्रकवाले, बँकेतले दोघे, गोव्याकडचं एक कुटुंब. कढईचा चर्र आवाज, वाटपाचा घमघमाट, आणि त्या सगळ्यावर एका बाईचा खणखणीत आवाज, "दोन नंबरक भात! अरे, तेंची सोलकढी खंय?" आनंदीकाकी तीच. अंगाने भक्कम, पदर कमरेला खोचलेला, कपाळ मोकळं आणि नजर वकिलाची.

"येवा, बसा. खंयचे तुमी?"

"दोडामार्गाकडचो," मी म्हटलं. "काजीवालो." काजूच्या बागा तिकडेच, म्हणून तेच तोंडात आलं.

"काजीवाले? बरा. काय वाडू?"

"मासे. पण ताजे आसत काय? दर्या काय हंय नाय."

"खावन बघा," ती म्हणाली, "आणि माकाच सांगा."

ताट आलं. उकड्या तांदळाचा भात, बांगड्याचं तिरफळ घातलेलं कालवण, रव्यात तळलेला बांगडा, कांद्याची फोड, गुलाबी सोलकढी. मी आधी बोटाने बांगडा दाबला. मास परत वर आलं. कल्ल्याकडे बघितलं, वास घेतला. वाढणारा पोरगा, म्हणजे तोच दिगंबर, बाजूला उभा राहून बघत होता. कालवणाचा पहिला घास घेतला, आणि खरं सांगतो, मला राग आला. इतकं चांगलं करायचं काही कारण नव्हतं. तिरफळ मोजून घातलेलं, खोबरं गंधासारखं वाटलेलं, आंबट पुढे नाही, तिखट मागे नाही. दोष सापडेना म्हणून पुन्हा भात मागितला. तरी सापडेना, म्हणून पुन्हा कालवण. तिसऱ्या वेळी दिगंबरने न विचारताच वाढलं.

संध्याकाळी घरी आलो. शेवंतीने विचारलं, "म्हापशाक जेवलास काय?" मी म्हटलं, "नाय." मग खोटं टिकवण्यासाठी घरीही पोटभर जेवलो. पुढे दर शुक्रवारी हेच. एकावन्नाव्या वर्षी मी चोरून जेवायला लागलो. पोरं विड्या ओढतात तसा.

दुसऱ्या शुक्रवारी मी स्वतःलाच बजावलं, एका दिवसावर खानावळ कळत नाही. त्या दिवशी तिसऱ्यांचं सुकं होतं. तिसऱ्या म्हणजे खाडीतले शिंपले. ते शिंपले दाताने उघडत, ओलं खोबरं बोटाने निपटत, मी एक वाजता बसलो तो अडीचला उठलो. बाजूचा ट्रकवाला म्हणाला, "काका, ताट धुवूक नको आता." तिसऱ्या शुक्रवारी सुंगटांची, म्हणजे कोळंबीची, कढी, आणि वर माझी हौस म्हणून तळलेली सुरमई, तळहाताएवढी जाड, कडेला कुरकुरीत आणि आत लोण्यासारखी. सुरमई मी हजारो धरल्या असतील. मोठी दिसली की ती विकायची, घरी आणायची ती फुटकी-तुटकी. आख्खा मधला तुकडा, तोही दुसऱ्याने तळलेला, दुसऱ्याने वाढलेला, मी आयुष्यात पहिल्यांदा खाल्ला. खाताना मी डोळे मिटले होते असं दिगंबर नंतर सगळ्यांना सांगायचा. मिटले असतील.

आता माझ्या तोंडात वरचे दात नाहीत. आमच्या देवबागात आज दर दुसऱ्या घरावर 'घरगुती जेवण मिळेल' अशी पाटी आहे. माझ्या घरावरही आहे. ती मुलाने लावली आणि खिळा मी ठोकला. पण त्या वेळी, अन्न विकणं वाईट नाही ही गोष्ट मला माझ्याशीही कबूल करता येत नव्हती. तीन शुक्रवारांत मला त्या घराची खोड काढता आली नाही. उलट दिसलं ते असं, की दिगंबर म्हाताऱ्या माणसाला ताट द्यायचा तेव्हा माशाचा काटा काढून द्यायचा. एक वेडसर बाई रोज दारात यायची, तिला आनंदीकाकी बाकावर बसवून जेवायला घालायची, पायरीवर नाही. माझ्या बापाने फुकट जेवू घातलं, पण ते पडवीच्या खाली. हे मला दिसलं आणि मी ते बघितलं नाही असं केलं. घरी सुताची रिळं मात्र साठत चालली. तीन होड्यांना पुरेल एवढं सूत, आणि जाळं माझं एक.

चौथा शुक्रवार. त्या दिवशी कोंबडी-वडे होते. वडे कढईत सुटले की फुगून उलटतात, आणि तो आवाज ऐकून बाहेरची माणसं आत येतात. मी माझ्या बाकावर बसलो होतो, माझं म्हणजे आता ते माझंच झालं होतं. एक वडा फोडून, त्यातली वाफ जाऊ देऊन, लाल रश्शात बुडवून तोंडात टाकला, तोच दारातून शेवंती आत आली. ठेवणीचं जरीचं लुगडं, डोक्यात अबोली. मागे संगीता. शेवंतीने इकडे तिकडे बघितलं सुद्धा नाही, सरळ माझ्यासमोरच्या बाकावर येऊन बसली.

"काय ओ काजीवाले," ती म्हणाली, "काजी फुलली काय औंदा?"

मला वडा गिळवेना आणि थुंकवेना. आख्खी खानावळ हसली. आनंदीकाकी पदराला हात पुसत पुढे आली आणि म्हणाली, "व्याही, घाबरा नको. पयल्याच दिसा माका कळला. काजीवालो कधी बांगड्याचा डोक्या चोखता? तुमी गेलास आणि मी ताट बघलंय. काटे सगळे एका बाजूक, वळीन लायलेले, मांजराक काय म्हणान ठेवूक नाय. मी म्हटलंय, ह्यो दर्याचो माणूस."

"आणि करंगळी," दिगंबर मागून हळूच म्हणाला. माझी डावी करंगळी जाळ्याच्या दोरीत गेलेली आहे. त्याने ती खूण मालवणच्या बाजारात संगीताला सांगितली, आणि मायलेकींना पहिल्या शुक्रवारपासून सगळं ठाऊक होतं. म्हणजे तीन शुक्रवार मी घरी येऊन उपाशी असल्याचं सोंग केलं आणि शेवंतीने मुद्दाम ताट भरभरून वाढलं! मी तिच्याकडे बघितलं. ती म्हणाली, "माका बघूचा होता, फुटतास कधी."

मग आनंदीकाकीने तिच्यासमोर ताट मांडलं. शेवंतीने पहिला वडा मोडला, वाफ आली, ती जरा मागे सरली. खाल्ला. मग दुसरा मोडून वाफेकडे बघत बसली. मी म्हटलं, "काय झाला गो?" ती म्हणाली, "बसान खाल्ला की वडो गरम लागता. माका म्हायतच नव्हता."

मी तिच्या ताटात आणखी एक वडा टाकला. आयुष्यात पहिल्यांदा मी कुणाला तरी वाढलं, आणि तेही दुसऱ्याच्या खानावळीत, दुसऱ्याचा वडा. शेवंतीने हात धरला नाही. खाता खाताच विचारलं, "आता सांगा. चेडू देतास काय?"

"देतंय," मी म्हटलं. एवढं पटकन बोललो की मलाच पटलं नाही. संगीता उठून उभी राहिली. आनंदीकाकीने देवाला हात जोडले. आणि त्याच क्षणी मला एक गोष्ट आठवली. मी हातातला वडा खाली ठेवला.

"काय झाला?" आनंदीकाकी म्हणाली. "तिखट लागला?"

"नाय. ह्या माझा हंयचा शेवटचा जेवाण."

सगळी माझ्याकडे बघायला लागली. मी सांगितलं. आमच्या घराचा नियम आहे. मुलीला मूल होईपर्यंत बापाने तिच्या घरचं अन्न खायचं नाही, पाणी प्यायचं नाही. माझ्या बापाने तो पाळला. माझी मोठी बहीण, आक्का, तोंडवलीला दिली. बाबा तिच्याकडे जायचे ते फडक्यात भाकरी आणि बाटलीत पाणी घेऊन. तिच्याच पडवीत बसून आपली भाकरी खायचे. आक्काला मूल झालं नाही. बाबा गेले ते तिच्या घरचा घोट न घेता. खरं तर भावाला हा नियम लागत नाही, पण बाबांनी केलं ते मीही चालवलं. तिचा नवरा वारल्यावरही महिन्याला मासे देऊन यायचो, आणि ती चहाचं आधण ठेवायच्या आत उठायचो. "मग आता संगीताच्या घरात मी कसो जेवतलंय?"

 शेवंतीने ताटातला हात थांबवला. "चाळीस वर्सा," ती म्हणाली, "म्हायेरच्या कोणी आक्कांच्या हातचा खाल्ला नाय. पोर झाला नाय तो तेंचो गुन्हो?"

"नियम तो नियम," मी म्हटलं. आवाज मोठा आला, पण त्यात जोर नव्हता.

संगीता दोन महिन्यांनी माझ्याशी पहिलं वाक्य बोलली. "बाबा, म्हणजे मी तुमका हंय कधीच वाडूचा नाय?"

मी मान खाली घातली. समोर वडे होते. त्यांची वाफ जायला लागली होती. तेव्हा दिगंबरच बोलला, कामाचा मुलगा, त्याला ते वडे थंड होताना बघवेना. "घर वर आसा. ही खाली खानावळ. वर तुमी पाण्याक हात लावू नका. खाली पैसे देवन जेवा. गिऱ्हायकाक कसलो नियम?"

मला ते एकदम पटलं. मी म्हटलं, "बरोबर! पैसे देतंय." आणि आनंदीकाकीकडे बघितलं. ती दोन्ही हात कमरेवर ठेवून उभी.

"व्याह्याकडसून पैसे? मी घेवचंय नाय. माझ्या घराण्यात असा कोणी करूक नाय."

"मगे मी जेवूचंय नाय."

"नका जेवू!"

दोघंही हटेनात. बँकेतले दोघे हात धुऊन झाले तरी जाईनात, काय होतं ते बघत राहिले. मग आनंदीकाकी जरा वाकली आणि हळू आवाजात म्हणाली, "व्याही, तुमी निरोप धाडललास तो माका अजून पाठ आसा. अन्न इकणाऱ्याच्या घरात चेडू दिवचंय नाय. दोन रात्री माका जेवाण गेला नाय. नवरो मेलो तेव्हा ह्याच चुलीन माका आणि झिलाक जगयला. आता तुमीच म्हणतास, इका. मगे तसा तोंडान म्हणा. सगळ्यांसमोर."

मी बाकावरून उठून उभा राहिलो. शेवंती माझ्याकडे बघत नव्हती, ताटाकडे बघत होती. तो मोठा उपकार केला तिने. मी म्हटलं, "काकी, मी चुकलंय. माका अन्न इकात. इकूक लाज नाय. लाज माका वाटूक होयी होती."

काकीने पदर पुन्हा कमरेला खोचला. मग तिचा तोच खणखणीत आवाज माळ्यापर्यंत गेला. "दिगंबर! काजीवाल्यांका गरम वडे! ते थंड काढ! आणि रस्सो वाड, कोंबडीचो पाय घाल, व्याही म्हणान नाय, गिऱ्हाईक म्हणान!" खानावळ पुन्हा हसली. त्यानंतर आम्ही जे जेवलो ते मी लिहू शकत नाही, ते खाऊनच कळायचं. अकरा वडे माझे, आणि शेवंतीचे मी मोजले नाहीत. संगीताने मला सोलकढी वाढली. वाटी ठेवल्याचा आवाज वेगळा होता. शेवटी काकीने गूळ घातलेल्या खिरीचं भांडं आणलं आणि म्हणाली, हे मात्र विकत नाही, ही गोडाची वाटी मुलगी ठरल्याची, नियम अजून लागू झालेला नाही. मी ती खाल्ली. लग्न झालेलं नव्हतं, त्यामुळे मी कुठला नियम मोडला नाही, असं मी आजही सांगतो.

परत येताना एसटीत संगीता खिडकीशी बसून सबंध रस्ता बडबडत होती. दोन महिन्यांचं सगळं साठलेलं. शेवंती अबोली सावरत होती. कुडाळ गेलं, तेव्हा ती एवढंच म्हणाली, "आज बरा जेवलंय."  तिने चाळीस वर्षांचं जे विचारलं होतं, ते माझ्या भरल्या पोटात वड्यांच्याही वर येऊन बसलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी होडी पाण्यात घातली नाही. दोन गाड्या बदलून तोंडवलीला गेलो. हातात मासे नव्हते, बाटलीत पाणी नव्हतं. आक्का अंगणात माडाची झावळं विणत बसली होती. मला बघून म्हणाली, "इलंस? बस वायच. चाय घेवचंस नाय ता म्हायत आसा, म्हणान इचारनय नाय."

"चाय नको," मी म्हटलं. "जेवूक घाल."

ती बघतच राहिली. "आठ वाजलेत रे सकाळचे!"

"मगे थांबतंय."

मी पडवीत भिंतीला टेकून बसलो. आक्का एकदा आत गेली, एकदा बाहेर आली, पुन्हा आत गेली. डबे उघडल्याचे आवाज आले, काहीतरी पडलं. मग ती मागच्या दारी धावली, आणि साठीला टेकलेली माझी बहीण कुंपणावरून आख्ख्या वाडीला ऐकू जाईल अशी ओरडली, "गो, तुझ्याकडे नारळ आसा काय? नि मासळी कोणाक गावली काय? माझो भाव जेवूक बसलो हा!"